पावागड पायी, दुधिया तलावापर्यंत

बडोद्याहून पावागड पन्नासएक किलोमीटर. रिवाज ठरलेला: गाडीने मधल्या टप्प्यावरची माची, तिथून रोपवे, कालिकामातेचं दर्शन, की घरी. आम्ही जुलैत पायथ्याच्या चांपानेरपासून चढलो. उंची साधारण 800 मीटर, त्यामुळे लोक गडाला हलक्यात घेतात. पावसात तेच नडतं.

माचीपर्यंतची वाट जुन्या तटातून, दरवाजांखालून जाते. 1484 मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने घेतलेला हा गड, पुढे शिंद्यांकडेही होता. आमच्या मंडळींना तेवढंच पुरलं, पुढचा अर्धा तास इतिहासच. सरीत उभं राहायला या दरवाजांच्या कमानी बऱ्या, पण वीज कडाडत असेल तर पक्क्या इमारतीतच थांबा.

खरी परीक्षा माचीच्या वर. पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत आणि कडेला शेवाळ. एक आजी अनवाणी, पाऊल आडवं टाकत, एक हात कठड्यावर ठेवून उतरत होत्या. आम्ही महागडे बूट घालून त्यांच्या मागे, निम्म्या वेगाने. तेव्हा आजींसारखंच उतरा, बूट कोणतेही असोत.

दुधिया तलाव रोपवेच्या वरच्या टोकाजवळच, मंदिराच्या अलीकडे. पावसाळ्यात भरलेला, धुक्यात पलीकडचा काठ दिसेना. काठाचे दगड निसरडे. फोटोसाठी पाण्यात उतरू नका.

जोराचा वारा सुटला की रोपवे बंद होतो. म्हणून 'येताना रोपवेने येऊ' हा बेत धरू नका. पायी उतरायला पुरेल एवढा उजेड आणि गुडघ्यांत दम राखूनच वर जा. उशीर झाला तर मुक्काम माचीला, धर्मशाळा आहेत.

मे महिन्यात कातळ तापतो, सावली तुटक. पहाटे निघून दहाच्या आत वर पोहोचा, दुपार वरच सावलीत काढा. पाणी प्रत्येकी दोन लिटर तरी हवं. वाटेत टपऱ्यांवर छास मिळते, पण तिच्या भरवशावर निघू नका. थंडीत अडचण एकच, अंधार लवकर पडतो. बॅटरी विसरू नका.

चैत्र आणि आश्विनातल्या नवरात्रात मात्र तळ्यासाठी म्हणून जाऊच नका. पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते आणि खासगी गाड्याही सहसा खालीच अडवतात. देवीसाठी जायचंच असेल तर मुलांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहून ठेवा. आणि प्रसादाची पिशवी हातात मिरवू नका, माकडं थेट झडप घालतात.