‘कोल्हापूर’ लिहायला अठरा वेळा बटण

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं छोटं शॉप आहे, त्यामुळं माझ्याकडनं ॲपबिपवर पोस्ट येईल असं कुणाला वाटलं नसेल, मलापण नव्हतं वाटलं. पण भाचीच्या ऑनलाइन शाळेपायी जे काय शिकलो ते लिहून ठेवतो, कुणाच्या तरी घरात असं लेकरू असेलच.

भाचीला जन्मापासनं सेरेब्रल पाल्सी. हातपाय त्यांच्या मर्जीनं हलतात, तिच्या नाही. बोलते, पण ते अक्काला पूर्ण कळतं आणि मला निम्मं. डोकं म्हणाल तर भूमितीत माझी वाट लावते. हो म्हणायचं तर वर बघते, नाही म्हणायचं तर डोळे गच्च मिटते. अक्कानं जुन्या कॅलेंडरच्या मागं स्केचपेननं मुळाक्षरं लिहिलेली, ती एकेका ओळीवर बोट ठेवत जायची, पोरीनं वर बघितलं की ओळ ठरली, मग त्या ओळीतलं अक्षर. लाईट नको, नेट नको. टॅब डिस्चार्ज झाला की अजूनपण तेच कॅलेंडर निघतं.

मार्च २०२० ला शाळा मोबाईलवर आली तेव्हा सगळे म्हणाले, आता हिला बरं झालं, घरबसल्या शिकेल. कुठलं काय! सर गूगल मीटवर प्रश्न टाकणार, पोरं चॅटमध्ये धडाधड उत्तरं देणार, आणि आमची नुसती बघत बसणार. बोलून टाइप करायचं बघितलं. ते मराठी माझं गावठी बोलणंसुद्धा घेतंय, पण हिनं ‘पाणी’ म्हटलं की काहीतरी भलतंच उमटतं, नाहीतर कोराच.

मग कळलं की अँड्रॉइडमध्ये स्विच ॲक्सेस म्हणून सोय आहे, फुकट. स्क्रीनवर एक चौकोन कीबोर्डच्या ओळींवरनं आपोआप फिरतो, पाहिजे त्या ओळीवर आला की बटण दाबायचं, मग तो त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरनं फिरतो, परत दाबायचं. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगसुद्धा शेवटी शेवटी गालाच्या एका स्नायूवर असंच एका स्विचनं लिहायचे. आता बटण आणायचं कुठनं, तर तयार मिळतात त्यांच्या किमती बघून मी गप मोडका यूएसबी कीबोर्ड उघडला, आतली सर्किट घेतली, स्पेसबारची दोन टोकं शोधून वायरी सोल्डर केल्या, दुसऱ्या बाजूला एक बटण, आणि ओटीजी केबलनं टॅबला जोडलं. बटणावर नायलॉनची चकती टर्न करून बसवली. पहिल्यांदा हाताशी लावलं, तर हाताला झटका आला की दहा वेळा दाबलं जायचं. मग व्हीलचेअरच्या उशीजवळ, डाव्या गालाशी. तीन स्प्रिंगा बदलल्या तेव्हा कुठं तिला जमायला लागलं. आणि लागोपाठ पडलेले दाब एकच धरायचं एक सेटिंग आहे, ते चालू केल्याशिवाय काही खरं नाही. (अँड्रॉइड १२ पासनं कॅमेऱ्यापुढं भुवया उडवून किंवा हसूनपण स्विच चालतो. हिचा चेहरा आपला आपण हलतो त्यामुळं टॅब नुसता नाचायला लागला, पण ज्याला जमेल त्यानं जरूर बघावं.)

आता हिशोब बघा. क, ओकार, ल, पाय मोडायची खूण, ह, काना, प, ऊकार, र. ‘कोल्हापूर’ला नऊ अक्षरं आणि खुणा, प्रत्येकाला दोन दाब, म्हणजे अठरा. मधे एक चुकला तर खोडायला आणखी दोन. वर शब्द सुचतात ते वाचवतात थोडं, पण मराठीत ‘कोल्हापूर’ सुचून भागत नाही, कोल्हापुरात, कोल्हापूरकरांच्या, शेपूट परत टाइप करा. आणि आमच्याकडं पोरीपण ‘मी जेवलो’ म्हणतात हे त्या टॅबला कोण सांगणार. टॅबमधली बाई गोड आवाजात ‘मी जेवलो’ म्हणाली तेव्हा अक्का इतकी हसली की डोळ्यात पाणी आलं.

चित्रावर दाबलं की तो शब्द बोलून दाखवणारी ॲप्सपण आहेत, चेन्नईचं आवाझ, आयआयटी मुंबईतनं निघालेलं जेलो, लहान पोरांना लई चांगली. आम्ही वहीत आमचे फोटो चिकटवले, मिसळ, पांढरा रस्सा, रंकाळा. पांढऱ्या रश्श्याला लई बोटं लागली, फोटो पिवळा पडला.

खरी अडचण पुढं आली. एका क्लासची ऑनलाइन टेस्ट, वीस प्रश्न, वीस मिनिटं, टायमर संपला की फॉर्म बंद. हिचे चार प्रश्न झाले होते, चारही बरोबर. फोन केला तर म्हणाले सिस्टीमच तशी आहे. अरे, टायमर तुम्हीच लावलाय की! नोट्स म्हणाल तर कागदाचे तिरके फोटो, नाहीतर श्रीलिपी म्हणून जुन्या मराठी फॉन्टातनं केलेली पीडीएफ. वाचून दाखवणारं ॲप त्यावर एबीसीडी आणि कंस बरळायला लागतं. युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर चालतं त्या मराठीत टाइप केलं असतं तर तिनं ऐकत ऐकत अभ्यास केला असता, तिचे डोळे लवकर दमतात.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात हे सगळं बसतंय, परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो. पण वीस मिनिटांत हिचे किती शब्द होतात ते वर सांगितलंच, आणि परका लेखनिक हिच्या डोळ्यांची भाषा एका दिवसात काय शिकणार. चेहरा स्थिर ठेवा, डोळे मिचकवा असं सांगणाऱ्या बँकेबिंकेच्या ऑनलाइन केवायसीबद्दल (ओळख पटवायची भानगड) सुप्रीम कोर्टानं ३० एप्रिल २०२५ ला दुसरे पर्याय द्या म्हणून सांगितलंय, डिजिटल सोय हा जगण्याच्या हक्काचा भाग धरलाय. निकाल वाचला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

सगळ्यात जास्त फरक मात्र एका मॅडमनी पाडला, त्यांना कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही. त्या उद्याच्या तासाचे तीन प्रश्न आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर पाठवायला लागल्या. ही रात्री उत्तरं करून ठेवणार आणि तासाला एका दाबात टॅबकडनं बोलवून घेणार. आणि एक वाक्य कायम तयार, ‘मॅडम, मला येतंय, थांबा’. पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा वर्ग खरंच थांबला.

काल रात्री जेवून बसलो होतो, व्हॉट्सॲपवर तिच्या नावाखाली टायपिंग दिसतंय, जातंय, परत दिसतंय. चौदा मिनिटं. अक्काला काय झालं की काय म्हणून मी चपला घालायला उठलो, तेवढ्यात आला मेसेज.

मामा बटण करकरतंय. तेल घाल.