घरी पडून?

केसपेपरवर लिहिलंय, 'घरी पडून दुखापत'. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेलीत. घरी पडून अशी बोटं जातात?

शेजारच्या मावशींचा हात बेकरीत पीठ लाटायच्या मशीनच्या रोलरमध्ये ओढला गेला. रोलरवरची जाळी साफसफाईला अडचण नको म्हणून केव्हाच काढून ठेवलेली. दवाखान्याच्या वाटेवरच सुपरवायझरने बजावलं, घरी पडले म्हणून सांगा. आणि मावशी आज मला म्हणतात, "चूक माझीच गं, माझंच लक्ष नव्हतं."

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

मशीनच्या धोकादायक फिरत्या भागांना आवरण हवं, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच होतं. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असेल तर कामावरच्या अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं, अगदी ठेकेदाराच्या कामगारालाही. बरं होईपर्यंत सरासरी मजुरीच्या ९० टक्के भत्ता, कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा रक्कम. ईएसआय नसेल तरी मालकाकडून भरपाईचा हक्क १९२३ च्या कायद्यापासून आहे. पण त्यासाठी अपघात कामावर झाला हे दिसायला हवं, आणि कागदावर नेमकं तेच खोटं लिहिलंय.

उद्या मावशींची पगाराची स्लिप बघणार आहे, ईएसआय कापतात का ते. त्या पाळीतलं कुणी खरं सांगायला पुढे येईल का?