पायांचे हात झाले! मल्लखांब ट्रॅकिंगची ताजी खबर

मल्लखांबाच्या व्हिडिओत आपलं मॉडेल खेळाडूचे सांधे ओळखून त्यांचा सांगाडा काढतं. पण पायांनी अढी मारून खेळाडू उलटा झाला की तो सांगाडा गायब व्हायचा, त्याचं मूळ अखेर सापडलं. आपण समजत होतो तसं मॉडेलला उलटं शरीर अजिबात कळत नाही, असं नाही. मीडियापाइपने (आपण वापरतो ते सांधे शोधणारं सॉफ्टवेअर) एकदा माणूस पकडला की पुढच्या फ्रेमची चौकट तो कंबर-खांद्याच्या रेषेप्रमाणे स्वतःच फिरवून घेतो. त्यामुळे सलामीपासून सावकाश उलटं झालं तर शरीराचे ३३ बिंदू बऱ्यापैकी टिकतात. घोळ होतो तो झटक्यात. पाय धूसर दिसतात, विश्वासांक (मॉडेलची स्वतःची खात्री) पडतो, ट्रॅक तुटतो आणि डिटेक्टर, म्हणजे माणूस हुडकणारा भाग, नव्याने शोधायला लागतो. तो चेहऱ्याच्या आधाराने शोधणारा. डोकं खाली, तोंड लाकडाआड, मग त्याला काय सापडणार भो?

म्हणून ट्रॅक तुटला की तीच फ्रेम १८० अंशांत फिरवून दुसऱ्या मॉडेलकडे द्यायची. फिरवायची, आरसा करायचा नाही. नुसती वर-खाली पलटवली तर डावा-उजवा बदलतो आणि सगळे कोन भलत्याच पायाच्या नावावर जातात. बिंदू मूळ जागी परत आणताना एक वजा एक्स, एक वजा वाय, बस; कारण एक्स-वाय ० ते १ मध्ये मिळतात. दोन्ही दिशांना मॉडेलचे वेगवेगळे ऑब्जेक्ट (प्रती) लागतात. व्हिडिओ मोडमध्ये मागच्या फ्रेमची आठवण असते, एकच वापरला तर ती गढूळ होते. टाइमस्टँप, म्हणजे फ्रेमची वेळ, तीही प्रत्येकात चढतीच हवी.

इथवर झकास. पण खरी डोकेदुखी पुढे आहे: सरळ दिशेचं मॉडेल उलट्या खेळाडूवर कधीकधी उभा माणूस रचतं. मांड्यांना दंड समजतं, पोटऱ्यांना कोपरापुढचा हात, आणि दृश्यता (बिंदू दिसतोय याची खात्री, ० ते १) दाखवतं ०.९ च्या वर! दृश्यता बघून दोन सांगाड्यांतून एक निवडणारा एजंट (एकेक काम सांभाळणारा प्रोग्राम) हसत हसत फसतो.

तोड हाडांच्या लांबीत निघाली. खांब जमिनीत पुरलेला, कॅमेरा तिपाईवर, म्हणजे अंतर जवळजवळ ठरलेलं. चित्रात हाड तिरपं झालं तर आखूड दिसेल, लांब कधी दिसणार नाही. सलामीत हात-पाय सरळ असताना दंड, हात, मांडी, पोटरी पिक्सेलमध्ये मोजून ठेवायच्या. पुढे कुठलंही हाड त्यापेक्षा १५ टक्क्यांनी वाढलं की तो सांगाडा बाद. मांडीचा दंड झालेला इथे लगेच पकडला जातो. मोजण्याआधी एक्सला रुंदीने आणि वायला उंचीने गुणायला विसरू नका. १०८० बाय १९२० च्या उभ्या व्हिडिओत न गुणलेली लांबी निव्वळ थाप असते. दिशा बदलताना पाच फ्रेम सलग कौल एकाच बाजूने आला तरच बदल करायचा, नाहीतर कोनांच्या आलेखात दाभणासारखी टोकं उभी राहतात.

धूसरपणा मुळातच कमी करायचा तर उजेड वाढवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइटखाली शटर १/१०० सेकंदाच्या पटीतच नीट, आणि तेवढ्यात झटका पुसटतोच. स्वस्त एलईडी फ्लड घेण्याआधी दुकानातच मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये बघा, पट्टे सरकताना दिसले तर ‘फ्लिकर-फ्री’ लिहिलेला खोका तसाच परत द्या. उघड्यावर १/५०० सहज मिळतं, पण जळगावच्या वैशाखात फोन तापून फ्रेम गाळतो. तेव्हा वेग काढताना १/३० धरू नका, फ्रेमचा खरा टाइमस्टँप घ्या.

एजंटांचं काम आता आखडतं घेतलंय. पहिला दिशा निवडतो, दुसरा अढी टिकल्याचे सेकंद मोजतो, तिसरा भाषामॉडेलवाला सराव-नोंद लिहितो. या तिसऱ्याला चित्र दाखवूच नये; कोन आणि वेळेचा तक्ताच द्यावा. चित्र दिलं की न झालेल्या फिरक्यांचंही कौतुक करतो.

दुसरा कॅमेरा घ्यायचा बेत होता, पण लिहितालिहिताच सुचलं: बोंडापासून (खांबाचं वरचं टोक) जमिनीपर्यंतची उंची टेपने मोजली की खांबच मोजपट्टी होतो, पिक्सेलचे सेंटिमीटर फुकटात. आधी तेच. दोरीच्या मल्लखांबाला मात्र १५ टक्क्यांचा नियम लागू पडणार नाही. दोर झुलतो, खेळाडू कॅमेऱ्याजवळ आला की सगळीच हाडं लांबतात. तिथे दंड आणि मांडी यांचं गुणोत्तर धरून बघायचं आहे, पण तिरपं हाड गुणोत्तरही बिघडवतं, म्हणून तिथली मर्यादा सैल ठेवावी लागेल.