वेस्टर्नवर दिसतं, मग मास स्पेकवर का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते. 'वेस्टर्न ब्लॉटवर बँड ठळक आहे, मग तुमच्या मास स्पेकला प्रोटीन का सापडलं नाही?' (वेस्टर्न ब्लॉट अँटीबॉडीने प्रोटीन दाखवतो; मास स्पेक, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, प्रोटीनचे तुकडे म्हणजे पेप्टाइडं वस्तुमानावरून ओळखतो.) रिपोर्ट हातात पडला की हा प्रश्न येतोच, आणि सूर असतो मशीन बिघडल्याचा.

मशीन आम्ही आधी हेला या मानवी पेशींच्या डायजेस्टवर (एंझाइमने कापलेल्या प्रोटीनांवर) तपासतो. म्हणून माझा उलट प्रश्न बफरबद्दल असतो. फॉर्मवर नुसतं 'लायसिस बफर' (पेशी फोडायचं द्रावण) लिहून भागत नाही. त्यात ट्रायटन एक्स-100 हे डिटर्जंट होतं का?

असेल तर सी-18 वर (पेप्टाइडं धरून ठेवणाऱ्या पदार्थावर) डिसॉल्ट करूनही, म्हणजे क्षार धुऊन काढूनही, ते जात नाही. पेप्टाइडांसारखंच चिकटतं आणि अ‍ॅसिटोनायट्राइल (द्रावक) वाढलं की त्यांच्याबरोबरच उतरतं. स्क्रीनवर दर 44.026 m/z ला (वस्तुमान भागिले चार्ज) एक अशी एकेरी चार्जच्या पीक्सची रांग लागते. ट्रिप्सिन या एंझाइमने कापलेली पेप्टाइडं बहुतेक 2+ किंवा 3+ चार्जची असतात, त्यांचे आयसोटोप पीक (त्याच रेणूच्या एकेका न्यूट्रॉनने जड रूपांचे) अर्ध्या किंवा एकतृतीयांश अंतरावर येतात. इथे ते अंतर पूर्ण 1. नमुना मशीनमध्ये फवारला जातो त्या स्प्रेच्या थेंबातला चार्ज ट्रायटन बळकावतं, आयन ट्रॅप (आयन साठवायचा कप्पा) त्यानेच भरतो आणि तुमचं पेप्टाइड दबून जातं. शिवाय 75 मायक्रॉनच्या कॉलमला (पेप्टाइडं वेगळी करणाऱ्या बारीक नळीला) चिकटलेलं ट्रायटन पुढच्या ब्लँकमध्येही (नमुन्याशिवायच्या फेरीतही) दिसत राहतं आणि इतरांचे नमुने खोळंबतात. माझा राग त्याचा आहे.

ट्रायटन वापरूच नका असं मी म्हणत नाही; मेम्ब्रेन प्रोटीन सोडवायला डिटर्जंट लागतंच. फक्त आधी सांगा. मग नमुना एसडीएस जेलमध्ये सेंटिमीटरभर पळवून, कूमासी रंगाने रंगवून, तुकडा धुऊन जेलमध्येच डायजेशन करता येतं. किंवा एसपी-3 पद्धतीच्या चुंबकीय मण्यांवर प्रोटीन बसवून 80 टक्के इथेनॉलने धुता येतं.

नमुना स्वच्छ असला की प्रोटीन सापडणारच, असं मी पूर्वी ठामपणे सांगायचे. आता म्हणवत नाही. ट्रिप्सिन लायसीन आणि आर्जिनीन या अमिनो आम्लांपाशी कापतं. ती दूरदूर असली तर तुकडे फार लांब होतात, खेटून असली तर पाच-सहा अमिनो आम्लांचे, आणि तेवढ्यावरून प्रोटीन ठरवता येत नाही. अँटीबॉडी एकच एपिटोप (प्रोटीनवरचा छोटासा भाग) शोधते, आम्ही हजारो प्रोटीनांच्या गर्दीत शोधतो. पण अँटीबॉडी भलत्यालाही चिकटते, हेही तितकंच खरं. तुमच्या बाबतीत यातलं काय झालं, हे नुसत्या रिपोर्टवरून मला सांगता येणार नाही. काइमोट्रिप्सिनने (वेगळ्या जागी कापणाऱ्या एंझाइमने) पुन्हा कापून बघू; तुम्ही नॉकआउट पेशींचा (ज्यांत ते प्रोटीन बनतच नाही) लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचा द्राव, त्याच वेस्टर्नवर चालवा.