बरं वाटत असताना थांबणं

आज चालणं मध्येच सोडून परत वळले, तेव्हा नाना काही वाईट बोलले नाहीत, हे आधीच लिहून ठेवते. "झालं पण तुमचं? आम्ही सत्तरी ओलांडून सहा फेऱ्या मारतो." एवढंच. मी हसलेसुद्धा. मग आता अकरा वाजले तरी ते डोक्यातून का जात नाहीये?

कारण पाय दुखत होते म्हणून मी परत फिरलेच नव्हते. आज पाय छान चालत होते. दुखताना थांबायला अक्कल लागत नाही, शरीरच बसवतं. बकुळीपाशी मनगटावरचा गजर वाजला, पावलं पुढे पडायला तयार, वारासुद्धा होता, आणि तिथून मागे वळायचं. बघणाऱ्याला काय दिसतं? धडधाकट बाई, आळशी.

नुसता फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार, असता तर नानांचंच खरं होतं. त्यात हळूहळू चालणं वाढवलेलं चांगलंच. पण जोडीला हा क्रॉनिक फटीग आहे ना, तो सावकार आहे. आज जास्त घेतलं की वसुली उद्या नाहीतर परवा, व्याजासकट. अंग ठणकतं, डोकं चालत नाही, झोपून उठलं तरी शीण तसाच. कुठल्या आजारात काय उपचार करावेत हे सांगणारी ब्रिटनची 'नाइस' संस्थासुद्धा आधी या आजारात व्यायाम ठरावीक टप्प्यांनी वाढवत न्या म्हणायची. २०२१ मध्ये तो सल्ला मागे घेतला. सुमा म्हणाली, प्रिंट काढून नानांना दे. नाना चष्मा विसरलो म्हणतील.

एकेकाळी पर्वती मी एका दमात... जाऊ दे.

आळशी हा शब्द त्यांनी उच्चारलाही नाही. तो माझाच. दुखणं तोंडावर दिसत असतं तर मी ताठ मानेने वळले असते. म्हणजे मला बरं दिसण्याचीच लाज वाटते की काय? कमाल आहे. आणि नानांच्या सहा फेऱ्यांतल्या दोन बाकावर बसून फोनवर होतात, खिडकीतून सगळं दिसतं.

उद्या चालणं नाही, कारण उद्या पोळ्या आहेत. कणीक मळणं, लाटणं हेही त्याच खात्यातून जातं. ओट्याशी उंच स्टूल ओढून घ्यायचं, छातीचे ठोके वाढले की गॅस बंद. घरच्यांना पुरतील तेवढ्या झाल्या तर झाल्या. नाहीतर कोपऱ्यावरचं पोळी-भाजी केंद्र साडेआठपर्यंत उघडं असतं.