‘सॉरी म्हण’ म्हणणं मी सोडलं

यंदा जूनमध्ये बालवाडीत साडेतीन वर्षांचा एक मुलगा आला. इथे त्याला बंड्या म्हणते, खरं नाव नको. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं एका मुलीच्या दंडाला असा कडकडून चावा घेतला की दात मोजून घ्यावेत. मी सवयीनं त्याला धरून आणलं. "सॉरी म्हण तिला."

"छॉली."

दहा मिनिटांत दुसऱ्याला चावला आणि मी उठायच्या आत स्वतःच "छॉली" म्हणून मोकळा. टोल भरला, गाडी पुढे!

सतरा वर्षं मी हा टोल वसूल करत आलेय. त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

मग दोन-तीन दिवस नुसतं बघत बसले. चावायच्या आधी त्याच्या मुठी वळायच्या, हनुवटी पुढे यायची. भांडण बहुधा लाल ट्रकवरून. घरी दीड महिन्याची बहीण, आणि सोडायला येणारी आजी दारातच सांगायची, "आता मोठा झालास ना, शहाण्यासारखं वाग." साडेतीन वर्षांचा मोठा! या वयात राग अंगात आधी येतो, शब्द मागून. तोवर दात हजरच असतात.

पुढच्या वेळी आधी जिला लागलं तिला जवळ घेतलं. बंड्याला एवढंच म्हटलं, "तुला ट्रक हवा होता, राग आला. चावल्यावर तिला दुखलं. जा, ओला रुमाल घेऊन ये." आणला. दंडावर ठेवलासुद्धा, पाणी निथळत होतं तरी. रुमालाचं हे काम मला सॉरीपेक्षा खरं वाटतं. हनुवटी पुढे आली की शेजारी जाऊन बसायचं, हेही ठरवून टाकलं.

आजींना म्हटलं, बाळाला घेऊन अर्धा तास आत बसा. "बाळ आणि शाळेत?" त्या हसल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा सगळं एकत्रच ठेवलं, कारण धाकट्याला सांभाळायला मोठं भावंड घरी अडकायचं. माझं कारण वेगळं, पण धीर तिथून आला. बंड्यानं सगळ्यांना रांगेत उभं करून बाळाचे पाय दाखवले. "हात नाय लावायचा. माझी आहे."

चावणं लगेच थांबलं असं नाही. जुलैत दोनदा झालं, एका आईचा जोरदार फोनही आला. तिचंही बरोबरच होतं.

परवा फळ्यावर चित्र काढत होते. मागून किंचाळी आली. वळून बघते तर लाल ट्रक दुसऱ्याच्या हातात, बंड्याच्या मुठी वळलेल्या, तोंड उघडं.

"बाई, लवकर या! मला चावायचंय!"

खडू तिथेच टाकून मी पळाले.