उघडी आतडी आणि पहिले काही तास

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत माझ्या भाचीच्या बाळाची आतडी पोटाबाहेर दिसली आणि तिला सांगण्यात आले की असे मूल सहसा जगत नाही. ते विधान अर्धवट होते, याची खंत मला आजही आहे.

गॅस्ट्रोस्कायसिस या जन्मदोषात बेंबीच्या शेजारी, बहुधा उजव्या बाजूला, पोटाची भिंत उघडी राहते आणि आतडी कोणत्याही आवरणाशिवाय गर्भजलात तरंगतात. ओम्फॅलोसील या दुसऱ्या जन्मदोषात अवयव नाळेच्या मुळाशी पातळ पडद्याच्या पिशवीत असतात. तेथे हृदयाचे किंवा गुणसूत्रांचे दोष सोबत असण्याची शक्यता बरीच जास्त असल्याने बाळाचे भवितव्य मुख्यतः त्यांवरच ठरते. भाचीच्या बाळाला गॅस्ट्रोस्कायसिस होता, आणि त्यात आतड्यांपलीकडे दुसरा मोठा दोष सहसा नसतो.

२०२१ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७४ देशांतील रुग्णालयांच्या पाहणीत गॅस्ट्रोस्कायसिसच्या बाळांपैकी श्रीमंत देशांत १.४ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे ३२ टक्के, तर गरीब देशांत दहापैकी नऊ बाळे दगावल्याचे आढळले. दोष सगळीकडे तोच आहे, म्हणूनच प्रसूती कोठे करायची हे आधी ठरवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. उघड्या आतड्यांमधून ऊब आणि पाणी झपाट्याने निघून जाते. त्यामुळे जन्मताच बाळाचे काखेपर्यंतचे अंग निर्जंतुक प्लास्टिकच्या पिशवीत घेणे, नाकातून जठरात नळी घालणे, सलाईन सुरू करणे आणि आतड्यांना पीळ किंवा ताण पडू न देणे, एवढी कामे बालशल्यचिकित्सकाच्या हाती बाळ पोहोचण्याआधीच व्हावी लागतात.

आमच्या बाळाची आतडी सुजलेली असल्याने एकाच वेळी आत बसली नाहीत. ती सायलो नावाच्या पारदर्शक पिशवीत टांगून रोज थोडी थोडी आत सरकवली आणि सहाव्या दिवशी पोट बंद केले. खरी कसोटी त्यानंतर लागली, कारण गर्भजलाने चिडलेली आतडी काम करायला आठवडे घेतात आणि तोपर्यंत सगळे पोषण शिरेतून द्यावे लागते. त्या काळात रक्तात जंतुसंसर्ग होण्याची भीती सतत असते. काही बाळांचे आतडे मुळातच कुठेतरी बंद असते, आणि त्यांची वाट आणखी लांबते.

जठरातल्या नळीतून येणारे हिरवे पाणी विसाव्या दिवशी स्वच्छ झाले, तेव्हा भाचीने साठवून ठेवलेल्या दुधातले एक मिलिलिटर नर्सने नळीत सोडले, आणि पुढच्या वेळी ते तसेच परत आले नाही.